अंगठा चिरायला आलेली जीप

आप्पांच्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं तेव्हा आम्ही तिघी बहिणी पोट धरधरून हसलो होतो. हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं मी फार शहाणी होते असं कुणाला वाटायला नको.

हसण्यासारखंच होतं ते. आईनं एका लिंबाला भोक पाडलं, आतला रस थोडा पिळून काढला आणि ते लिंबू आप्पांच्या अंगठ्यावर टोपीसारखं बसवलं. नखुरड्यावर आमच्याकडं हाच पहिला उपाय. आप्पा तसेच, हात वर धरून, बैल पाण्यावर घेऊन भर वाडीतून निघाले. धाकटी बायडा ओरडली, "आप्पाच्या हाताला लिंबं लागली गं!"

आप्पाही हसले. "थांब, चांगलं मोठं झालं की तोडून देतो तुला," म्हणाले.

नेवाशापासून चार कोसांवर आमची वाडी. पंचवीस-तीस घरं. साल एकाहत्तर, श्रावण लागलेला. आमची शेती होती, पण आप्पांचं नाव होतं ते दोर वळण्यात. पोळा जवळ आला की वाडीतला जो तो अंबाडीची पेंढी घेऊन आमच्या ओट्यावर यायचा. कासरे, दावी, वेसणी. वळताना सगळा जोर उजव्या अंगठ्यावर. त्यांचा तो अंगठा चपटा आणि रुंद झाला होता आणि त्याचं नख शिंपल्यासारखं जाड होतं. त्या नखाखालीच अंबाडीची एक बारीक काडी शिरली. रविवारी दुपारी शिरली आणि सोमवारी अंगठा लाल झाला. लिंबू बसलं ते सोमवारी संध्याकाळी.

मंगळवारी पहाटे आप्पांनी लिंबू उपसून फेकलं. "ठनकतंय लई," एवढंच म्हणाले. आप्पा कधी दुखतंय म्हणत नसत, म्हणून आईचं तोंड उतरलं.

"मी नेते तुम्हाला सरकारी दवाखान्यात," मी म्हणाले. "तसाही शाळेचा रस्ता तोच आहे."

मी तेव्हा नववीत. वाडीतून हायस्कुलात जाणारी मी एकटीच मुलगी. बाजारगावापर्यंत दीड कोस चालत जायचं, दीड कोस यायचं. आठवीपर्यंत मी तोंडातून शब्द काढत नसे. मास्तर म्हणायचे, केशर वर्गात आहे की नाही हे हजेरी घेतल्याशिवाय कळत नाही. मग जुलैत शाळा तपासायला साहेब आले. त्यांनी काहीतरी विचारलं, अख्ख्या वर्गात कुणी उठेना, आणि मलाच कळलं नाही मी कशी उठले ते. उठले आणि न थांबता बोलले. साहेबांनी टाळी वाजवली. त्या दिवसापासून माझी अशी पक्की समजूत झाली की कुणाशीही सरळ उभं राहून, स्पष्ट, पूर्ण वाक्यात बोललं की काम होतं. एसटीच्या कंडक्टरशी बोलून मी एकदा हात दाखवून गाडीसुद्धा थांबवली होती. मग डॉक्टर काय मोठा!

दवाखाना नवाच बांधलेला, पिवळ्या रंगाचा. भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आणि त्याच्या शेजारी आई, बाप, दोन पोरं, चौघंही हसणारी. आम्ही नऊ वाजता पोचलो तर चाळीसएक माणसं पुढं. डॉक्टर नव्हते. झेडपीच्या मीटिंगला नगरला गेलेले. खिडकीत मच्छिंद्र कंपौंडर बसला होता. त्याच्यापर्यंत पोचायला साडेअकरा झाले.

"काय होतंय?"

"नखुरडं झालंय," मी म्हणाले. "रविवारपासून. खूप ठणकतंय."

"नखुरडं?" त्यानं मागं वळून शिपायाला सांगितलं, "ऐकलं का, नखुरडं घेऊन आलेत दवाखान्यात! उद्या केसात कोंडा झाला म्हणून येतील." मग आमच्याकडं बघून, "चिरायचं असलं तर डॉक्टर लागतात. ते गुरुवारी येतील. तोवर मिक्श्चर देतो. बाटली?"

"कसली बाटली?"

"औषधाची! का ओंजळीत धरून नेणार घरापर्यंत?"

औषधाला बाटली घरून न्यायची असते हे आम्हाला माहीत नव्हतं. मी पळत बाजारपेठेत गेले. हॉटेलवाल्याकडं मागितली, तो नाही म्हणाला. किराणावाल्यानं एक गोडेतेलाची दिली, ती राखेनं घासून धुतली, पळत परत आले. खिडकी बंद. फळ्यावर लिहिलेलं, वेळ सकाळी आठ ते बारा. आप्पा कडुलिंबाच्या झाडाखाली बसले होते, उजवा हात डाव्या हातानं वर धरून.

"पळू नको गं येवढी," म्हणाले. "गुरवारी यिऊ."

ते एकटे परत गेले आणि मी शाळेत गेले. शाळेत माझ्या दप्तरात दिवसभर ती बाटली होती आणि वह्यांना तेलाचा वास लागला. मैत्रिणींना मी हे सगळं नक्कल करून सांगितलं, कंपौंडरसारखा आवाज काढून. सगळ्या हसल्या.

गुरुवारपर्यंत अंगठा दुधी भोपळ्याच्या टोकासारखा फुगला. नखाभोवती पिवळं दिसायला लागलं. आईनं गव्हाच्या पिठाचं पोटीस बांधलं होतं. रात्रभर आप्पा ओट्यावर बसून होते असं ती म्हणाली. मला झोप लागली होती.

या खेपेला आम्ही सात वाजताच निघालो. बाटली बरोबर होती. खिडकीशी गेल्यावर मच्छिंद्र कंपौंडर म्हणाला, "मिक्श्चर संपलंय."

पण डॉक्टर होते! मी टाचा उंच करून त्यांना पाहिलं. तरणेच होते, बारीक, चष्मा घातलेले. मात्र आतबाहेर नुसती धावपळ चाललेली. शनिवारपासून तीन दिवस ऑपरेशनचा कॅम्प होता. कॅम्प म्हणजे नसबंदीचा, ते सगळ्यांना माहीत होतं. जो कुणी कॅम्पसाठी माणूस घेऊन येईल त्याला शिपाई सरळ आत नेत होता. बाकीचे खोकलेवाले, हगवणवाले, कान फुटलेलं पोर घेतलेल्या बाया, सगळे तिथंच. आमच्यापुढं अजून अकरा माणसं होती तेव्हा बाराचा टोला पडला, शिपायानं दार लोटून घेतलं, आणि डॉक्टर मागच्या दारानं जीपकडं निघाले.

मी आप्पांचा डावा हात धरला आणि इमारतीला वळसा घालून जीपच्या पुढं जाऊन उभी राहिले.

"डॉक्टरसाहेब," मी म्हणाले, अगदी तपासणीच्या साहेबांपुढं उभी राहिले होते तशी. "आम्ही मंगळवारी आलो तेव्हा आपण नव्हता. आज आपण आहात, पण वेळ संपली. तेव्हा अंगठ्यानं कोणत्या वेळी पिकावं, तेही आपण फळ्यावर लिहून ठेवावं."

ड्रायव्हर फिस्सकन हसला. कंपौंडर पुढं झाला, "ए पोरी—" पण डॉक्टरांनी त्याला हातानं थांबवलं. ते माझ्याकडं बघत राहिले आणि मग तेही हसले. दमल्यासारखं हसले.

"कुठल्या गावची? कितवीत आहेस?"

मी वाडीचं नाव सांगितलं. "नववीत."

"वाटलंच. बघू." त्यांनी आप्पांचा हात स्वतःच्या हातात घेतला. अंगठ्याला नुसतं टेकवलं बोट, तर आप्पांचे डोळे मिटले. "पू झालाय आत. चिरला पाहिजे. पाच मिनिटांचं काम आहे." मग त्यांनी मागं दवाखान्याकडं बघितलं. "पण मी एकटा आहे आणि चाळीस गावं आहेत. हत्यारांचा डबा एकच, तो सकाळीच कॅम्पसाठी धार लावायला नेवाशाला पाठवलाय. असं करतो. उद्या तुमच्याच बाजूला फेरी आहे. डबा मागवून बरोबर घेतो. साडेदहाला तुमच्या दारात अंगठा चिरतो. घरी थांबायचं. काय?"

"घरीच ऱ्हातो साह्यब," आप्पा म्हणाले. त्यांनी डाव्या हातानंच नमस्कार केला आणि झाडाखाली जाऊन बसले. उभं राहवत नव्हतं त्यांना.

डॉक्टर राहिलेले कागद आणायला आत गेले. कंपौंडरनं वही काढली. "नाव सांग."

"सूर्यभान."

"वय?"

"पस्तीस असेल."

"मुलं?"

"तीन."

"त्यात मुलगे?"

"मुलगे नाहीत. आम्ही तिघी बहिणीच." हे मी अगदी छाती पुढं काढून सांगितलं.

त्यानं खिशातून लाल पेन्सिल काढून नावाभोवती गोल केला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "चला. एका फेरीत दोन कामं."

ड्रायव्हर हसला. मीही हसले. का हसले विचाराल तर मोठी माणसं हसली म्हणून, आणि माझं काम झालं होतं म्हणून.

त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर मी राणी होते. जीप आमच्या वाडीत कधी आली नव्हती, आणि उद्या ती माझ्या बोलण्यानं येणार होती. शेजारचे छगनतात्या आले, आणखी चारपाच जण आले. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाटलीचं, फळ्याचं, डॉक्टर कसे हसले ते. आणि काही म्हणजे काही सोडलं नाही. लाल पेन्सिलसुद्धा सांगितली, कंपौंडरच्या आवाजात.

छगनतात्यांनी तंबाखू मळायची थांबवली. "काय म्हनला त्यो? पुन्यांदा सांग."

"एका फेरीत दोन कामं."

"आन् पोरं किती ते इचारलं?"

"हो. मग नाव लिहून गोल केला."

"लाल पेन्सिलीनं."

"हो, तात्या, किती वेळा सांगू?"

तात्या आप्पांकडं वळले. "सूर्यभाना, आरं कळतंय का तुला? अंगठ्याचं निमित्त हाय. गुंगीची सुई टोचत्यात. तिकडं बेलपिंपळगावाकडं एक जन दात काढाया गेल्ता, म्हनं. उठला तर समदंच उरकल्यालं!"

"तात्या, असं कुठं असतं का?" मी म्हणाले. "डॉक्टर शिकलेले आहेत. चांगले आहेत ते."

"तू गप गं. साळंत सांग हे." तात्या उठलेच. "मी आपलं कानावर घातलं. तुला पोरगा न्हाई, लेका. मला दोन हायती तरी मी भितो."

सगळे गेल्यावर ओट्यावर आप्पा, आई आणि मी उरलो. मी आप्पांकडं बघितलं. ते हात मांडीवर ठेवून त्याच्याकडंच बघत होते, दुसऱ्या कुणाचं जनावर राखायला ठेवलंय असं.

"केशर बोलली म्हनून डागदर येतोय," ते शेवटी म्हणाले. "यिऊ दे की."

आई उठून चुलीत लाकूड सारायला आत गेली.

शुक्रवारी मी शाळा बुडवली आणि साडेनऊपासूनच ओढ्यावर जाऊन उभी राहिले, जीप चुकू नये म्हणून. ती खरंच आली! अकराला आली, पण आली. डॉक्टरांनी मला ओळखलं, थांबवली. "चल बस, वाट दाखव." मी पुढं बसले. आयुष्यात पहिल्यांदा जीपमध्ये बसले मी. खळग्यातून ती अशी उडत होती की माझं डोकं वर आपटलं, तरी मी हसत होते. मागं कंपौंडर होता, त्याच्या मांडीवर पत्र्याचा चकचकीत डबा. मी तो दोनदा वळून बघितला.

वाडीच्या तोंडाशी आलो आणि कुणीतरी लांबून ओरडलं, "जीऽऽप आलीऽऽ!"

छगनतात्यांचाच आवाज. मला वाटलं, आता सगळे बघायला येतील. मी हात बाहेर काढून हलवलासुद्धा. पण जो तो पाठ फिरवून पळत होता. पारावर दाढी करून घेणारे एक आजोबा तोंडाला साबण तसाच ठेवून बाजरीत घुसले. साठीचे होते ते, त्यांना कोण काय करणार होतं? न्हावी त्यांच्या मागं पळाला. बैल सोडलेले तसेच उभे, मोट विहिरीत अर्धी लोंबकळलेली. मिनिटभरात वाडीत एक बापई माणूस दिसेना. ड्रायव्हर म्हणाला, "इथंही तेच."

आमच्या दारात आई उभी होती.

"आई, डॉक्टर आलेत! आप्पांना बोलाव."

"न्हाईत घरी," आई म्हणाली. माझ्याकडं न बघता म्हणाली.

"अगं असं काय? कुठं गेलेत?"

"मला काय म्हाईत."

डॉक्टर ओट्यावर बसले. "येतील. आई, तोवर पातेलंभर पाणी उकळत ठेवा," ते म्हणाले. "चांगलं खळखळून उकळू द्या." आईनं पाणी ठेवलं. पातेलं तिला चुलीवर नीट बसवता येईना. मी पळत सुटले.

गोठ्यात नाहीत. गंजीमागं नाहीत. मग मी बाजरीत शिरले. बाजरी माझ्या डोक्याच्या वर गेलेली, कणसं निसवलेली, पात्यांनी हात चिरत होते. "आप्पाऽऽ! अहो आप्पाऽऽ! पाच मिनिटांचं काम आहे!" मी ओरडत होते, इकडून तिकडं नुसती. कितीतरी जण त्या बाजरीत होते. मला कुठं धोतर दिसायचं, कुठं कुणी खोकायचं, पण जवळ गेले की तिथून सळसळ दूर जायची. "आप्पा, मी आहे! केशर आहे!"

मग जीपचा भोंगा वाजला. एकदा, आणि थोड्या वेळानं दोनदा. मी थांबले. घराकडं पळावं की इथंच शोधावं, कळेना. मी पळाले घराकडं, बाजरीच्या कडेला आले, तर जीप ओढ्याकडं चाललेली. धूळ उडाली होती. मी तिच्या मागंही पळाले थोडं.

ओट्यावर पातेलं होतं. त्यातलं पाणी अजून वाफाळत होतं. "पातं काढून उकळून ठेवलं हुतं त्यांनी," आई म्हणाली. "तुझं नाव घिऊन म्हनले, पोरीसाठी वाट वाकडी केली. पुढची गावं राह्यलीत म्हनले." आणि तिनं ते पाणी अंगणात ओतून टाकलं.

आप्पा मला पार शेताच्या कडेला सापडले, बांधाखाली, उकिडवे बसलेले. हात वर धरलेला. कपाळावर घामाचे थेंब होते.

"गेली?" त्यांनी विचारलं.

"आप्पा, पाणी उकळलं होतं. पातं काढलं होतं त्यांनी. तुम्ही म्हणालात येऊ दे, म्हणून मी..."

"त्यो लाल पेन्सिलवाला हुता का संगं?"

"होता. पण म्हणून काय झालं? कागदावर अंगठा घेतल्याशिवाय करत नाहीत ते ऑपरेशन. आम्हाला नागरिकशास्त्रात..." नागरिकशास्त्रात असलं काही नव्हतं. मी ते तिथंच बनवलं.

"अंगठा तर त्यांच्याच हातात देनार हुतो की मी," आप्पा म्हणाले.

मी त्यांच्यापुढं मातीत बसले. मला रडायचं नव्हतं. "आम्ही तिघी आहोत ना, आप्पा?"

"हायसा की. कोन न्हाई म्हनतंय?" त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, केसांतला बाजरीचा भुसा काढला. "तू तर वाघीन हायेस. पन तुमी जाताल आपापल्या घरी. मंग हितं दावनीला कोन ऱ्हाईल?"

मला येत असलेल्या कुठल्याच वाक्यात ते बसेना.

शनिवारी आप्पांना ताप भरला. मी एकटीच बाजारगावाला गेले, अर्धी वाट पळत. दवाखान्याच्या दाराला पाटी, शिबिरामुळे बाहेरचे पेशंट सोमवारपर्यंत तपासले जाणार नाहीत. मागच्या बाजूला मांडव घातला होता, शिपाई कुणाला आत सोडत नव्हता. डॉक्टर आत कापाकापीत होते. शेवटी कंपौंडर दिसला.

"आप्पांना ताप आलाय. हात मनगटापर्यंत सुजलाय. डॉक्टरांना एवढं फक्त—"

"दारात जीप आली तेव्हा कुठं पळाला तुझा बाप?" तो म्हणाला. त्याच्या अंगावर रक्ताचे डाग पडलेले, डोळे लाल. "आम्हाला काय तेवढंच काम आहे का? मंगळवारी आण." दोन पांढऱ्या गोळ्या कागदात बांधून त्यानं माझ्या हातावर ठेवल्या. मी पुष्कळ बोलले. सरळ उभी राहून, पूर्ण वाक्यात. बोलता बोलता पाहिलं तर तो आत गेला होता आणि मी मांडवाच्या खांबाशी बोलत होते.

रविवारी, सोमवारी वाडीतल्या सगळ्यांनी आपापलं औषध सांगितलं. बिब्बा, कडुलिंब, चुना आणि गूळ. छगनतात्या दोन्ही दिवस आले, कोपऱ्यात बसून तंबाखू मळत राहिले. मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघ चढली होती. आई ओल्या फडक्यानं ती पुसायची, जशी काही पुसली जाणार होती.

मंगळवारी तात्यांनीच बैलगाडी जुंपली. डॉक्टरांनी बाहेर येऊन गाडीतच हात बघितला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले आणि म्हणाले, "आता माझ्या हातात नाही. नगरला न्या. आजच." चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठी देताना माझ्याकडं बघितलं आणि परत वळले. त्यांच्यामागं साठएक माणसांची रांग होती, तीन दिवसांची तुंबलेली.

फाट्यावर एसटी दोन तासांनी आली. नगरच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. तिथं मात्र त्यांनी एका क्षणाचाही उशीर केला नाही. हाड सडलंय म्हणाले, अंगठा ठेवला तर हात जाईल, हात ठेवला तर माणूस जाईल. लगेच आत नेलं. मुळापासून काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथले डॉक्टर खाटांच्या ओळीनं तपासत आले. आप्पांच्या उजव्या हाताला मोठ्ठं पांढरं बोचकं बांधलेलं. आई पायथ्याशी बसली होती, मी उशाशी उभी.

"किती दिवस झाले होते?" डॉक्टरांनी विचारलं.

"नऊ," आप्पा म्हणाले.

"नऊ दिवस काय करत होतात? अहो, साधं नखुरडं. पहिल्या दोन दिवसांत टोचून पू काढला असता तर काहीच झालं नसतं. एवढ्याशा दुखण्यापायी कुणी अंगठा घालवतं का?"

मी तोंड उघडलं. मला सगळं सांगता येणार होतं. पण सुरुवात कुठून करावी? बाटलीपासून? बाराच्या टोल्यापासून? हत्यारांचा डबा सांगावा तर कॅम्प सांगायला हवा, कॅम्प सांगावा तर बाजरी सांगायला हवी, बाजरी सांगावी तर लाल पेन्सिल, आणि लाल पेन्सिल सांगायची म्हणजे ओट्यावर बसून कंपौंडरचा आवाज काढणारी मी. डॉक्टर वाट बघत होते. किती थोडा वेळ थांबतात डॉक्टर.

"घरीच हुतो, साह्यब," आप्पा म्हणाले. "आडानी मानसं आमी."

डॉक्टरांनी मान हलवली, खाटेच्या पायथ्याच्या कागदावर इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या आणि पुढच्या खाटेकडं गेले.

"काय लिवलं गं?" आप्पांनी विचारलं.

मी वाचलं. सगळं लागलं नाही. शेवटच्या ओळीतला 'लेट' तेवढा लागला.

"उशिरा आले, असं लिहिलंय."

"मंग बराबर हाय," आप्पा म्हणाले. "तसंच लिवल्यालं बरं. त्यात कुनाचं नाव न्हाई यीत."

मग त्यांनी पाणी मागितलं. मी पेला भरला आणि सवयीनं त्यांच्या उजव्या हाताकडं धरला. त्यांनीही सवयीनं तो हात उचलला. ते पांढरं बोचकं पेल्याशी येऊन थांबलं, आणि आम्ही दोघं तसेच राहिलो, कुणी आधी हात मागं घ्यायचा हे न कळून.